शाळेच्या आवारातील कोवळ्या झाडाच्या खोडाची जखम

बदनापूर तालुक्यात शाळेच्या आवारात कडुनिंब, करंज यांसारखी झाडे लावण्याचा प्रघात आहे. ह्या कोवळ्या झाडांच्या खोडास इजा होण्याची कारणे नेहमीचीच असतात. शेळी साल कुरतडते, जनावराचे दावे घासते, किंवा आधाराच्या काठीस बांधलेली सुतळी वाढत्या खोडात रुतते. अशा वेळी झाड गेले असे समजून ते उपटणे, अथवा जखमेवर शेण वा डांबर थापून निश्चिंत होणे, हे दोन्ही चूक होय. साल किती गेली यापेक्षा किती उरली, हे प्रथम पाहावे.

पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते. मुळांनी घेतलेले पाणी लाकडातून वर चढते. साल व लाकूड ह्यांच्यामध्ये वाढीचा पातळ, ओलसर थर असतो. खोडाभोवतीची साल पूर्ण वर्तुळात निघाली, तर पाणी वर जात राहते म्हणून पाने काही काळ हिरवी दिसतात. परंतु मुळे उपाशी राहतात व कालांतराने झाड वाळते. सतराव्या शतकात इटलीतील मालपीगी ह्या शास्त्रज्ञाने सालीचे कडे काढून पाहिले, तेव्हा कड्याच्या वरची साल फुगलेली त्यास आढळली. अडलेल्या अन्नाची ती खूण होय.

आता परीक्षा करावी. जखमेच्या उंचीवर सुतळीने खोडाचा परिघ मोजावा, नंतर जखमेची रुंदी मोजावी. परिघ 20 सेंमी व जखम 5 सेंमी असेल, तर एक चतुर्थांश साल गेली. एवढ्या जखमेतून झाड बहुधा सावरते. निम्म्याहून अधिक गेली असल्यास भरवसा देता येत नाही. तरीही उपटण्याची घाई नसावी. कडुनिंबास खालून नवे धुमारे फुटतात. त्यांतील एक सरळ, जोमदार धुमारा राखला, तर जुन्या मुळांवर झाड पुन्हा उभे राहते.

साल नुकतीच सुटून लोंबत असेल व आतून ओली असेल, तर ती त्वरित जागेवर बसवून मऊ कापडाने बांधावी. दोन आठवड्यांनी बांधणी सोडावी. वाळलेली, सैल साल धारदार चाकूने हलकेच काढावी. निरोगी सालीस धक्का लावू नये. रुतलेली सुतळी वा तार कापावी. वाळवीचे मातीचे थर झाडून टाकावेत. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. मात्र ते खोडास चिकटू देऊ नये. कुंपण नसेल तर हे सर्व व्यर्थ होय.

जखमेवर लेप का लावू नये? अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो ह्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य झाडे चिरून दाखविले, की झाडाची जखम आपल्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड दुखावलेला भाग आतून कोंडून टाकते व कडेने नवी वाढ करून तो झाकते. डांबराने हे काम त्वरेने होत नाही. ओल मात्र कोंडू शकते.

येथे मुले एक शंका विचारतील. आपल्या भागातील मोसंबीच्या बागांत खोडांना बोर्डो मलम लावतात, ते कशासाठी? मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो व पाणी 10 लिटर ह्या प्रमाणात केलेला तो मलम मोसंबीच्या डिंक्या रोगास आवर घालतो. तो रोगावरील उपाय आहे. प्रत्येक जखमेवरील औषध नव्हे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ वर्गात न शिकविता झाडापाशी शिकवावा. दरमहा पहिल्या तारखेस मुलांनी जखमेची रुंदी मोजून फळ्यावर लिहावी. अपूर्णांक व निरीक्षण दोन्ही साधतील. उन्हाळी सुटीत पाणी कोण घालणार, हे सुटीपूर्वी नावानिशी ठरवावे. वृक्षारोपणाच्या नोंदवहीत नवे रोप मांडणे सोपे असते; पण चार वर्षे वाढलेल्या मुळांची भरपाई त्याने होत नाही. दुखावलेले ते सर्व टाकाऊ नसते, एवढे मूल त्या झाडापाशी शिकले, तर पाठ सफल झाला असे समजावे.