हरलेला गोलरक्षक

खेळाच्या मैदानावर एकाच वेळी दोन सामने चाललेले असतात. एक रेषेच्या आत, खेळाडूंचा. दुसरा रेषेच्या बाहेर, प्रेक्षकांचा. पहिल्या सामन्याला पंच असतो, नियम असतात, वेळेची मर्यादा असते. दुसऱ्याला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच पहिला सामना तासाभरात संपतो. दुसरा मात्र कित्येकदा वर्षानुवर्षे चालू राहतो.

नंदुरबार येथील एका विद्यालयात दर वर्षी 29 ऑगस्ट रोजी सातवी आणि आठवी या वर्गांमध्ये हॉकीचा सामना होत असे. मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस. तो राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. विद्यालयाच्या वसतिगृहात जिल्ह्याच्या सर्व भागांतील मुलेमुली राहत. ती एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारीत. कोणी शहादेकर, कोणी तळोदेकर, कोणी नवापूरकर. आठवीचा गोलरक्षक सातपुड्याच्या ऐन डोंगरातून आलेला होता. त्याला सारे धडगावकर म्हणत. त्याचा धाकटा भाऊ सातवीत होता आणि सातवीच्या संघातून खेळत होता.

त्या वर्षी सकाळपासून पाऊस पडत होता. मैदानात चिखल झाला होता. तरीही सामना सुरू होण्यापूर्वीच कडुनिंबाखाली दुसऱ्या सामन्याला तोंड फुटले होते. आजवरचा सर्वोत्तम अंतिम सामना कोणता, असा वाद होता.

शहादेकर म्हणाला, "बर्लिनचा! 15 ऑगस्ट 1936. समोर जर्मनी, मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. आणि आपण आठ विरुद्ध एक गोलांनी जिंकलो. ध्यानचंदांनी बूट काढून ठेवले आणि जर्मनांची झोप उडवली!"

"पण त्याआधीच्या सरावाच्या सामन्यात याच जर्मनांनी आपल्याला चार विरुद्ध एक असे हरवले होते. तेवढे बरे विसरतोस!" तळोदेकराने टोला हाणला. "खरा सामना 1948 चा. वेम्ब्लीचे मैदान, 12 ऑगस्टचा दिवस. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांनाच त्यांच्या घरी आपण चार शून्याने हरवले."

"गोल तर बर्लिनमध्ये दुप्पट झाले!"

"गोल मोजायचे असतील तर मिरच्या मोजायला बाजारात जा," तळोदेकर म्हणाला. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात मिरच्या पोत्यांनी मोजतात, हे सर्वांना ठाऊक असल्याने हशा पिकला.

नवापूरकर मुलगी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "तुमचे दोन्ही सामने एकतर्फी. ज्यात शेवटपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो, तो खरा सामना. 1975 साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला दोन विरुद्ध एक असे हरवले. विजयाचा गोल ध्यानचंदांच्याच मुलाने, अशोककुमारांनी केला. चेंडू खांबाला लागून परत आला. तो आत गेला होता की नाही, यावर पाकिस्तानच्या खेळाडूंनी वाद घातला. पंचांनी गोल दिला, म्हणजे गोल झाला."

"तुझ्या सामन्याचा निकाल अजून लागलेलाच नाही," शहादेकर हसून म्हणाला. तीही हसली.

मैदानाच्या कुंपणापाशी एक वृद्ध गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे आजोबा दर वर्षी हा सामना पाहण्यास येत. मुलांचा वाद ऐकून ते म्हणाले, "वेम्ब्लीच्या सामन्याचा आपल्या नंदुरबारशी एक लहानसा संबंध आहे, बरे का! त्या संघाचे कर्णधार किशनलाल हे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या सेवेत होते. तेव्हा सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून आपल्या गावावरून धावणाऱ्या गाड्या त्याच रेल्वेच्या होत्या. वेम्ब्लीचे मैदानही आजच्यासारखेच पावसाने भिजलेले होते. पाय घसरू लागले, तेव्हा किशनलाल आणि बाबू या नावाने प्रसिद्ध असलेले के. डी. सिंह यांनी बूट काढले आणि ते अनवाणी खेळले, असे सांगतात."

"म्हणजे आमच्यासारखेच!" आपल्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहत धडगावकर म्हणाला आणि गोलाकडे गेला.

सामना सुरू झाला. सातवीची मुले चपळ होती. आठवीचे बचाव करणारे खेळाडू गोल करण्याच्या हौसेने वारंवार पुढे धावत आणि मागे धडगावकर एकटाच उरे. पहिला गोल झाला, दुसरा झाला. मध्यंतरानंतर आणखी तीन झाले. त्यांतला शेवटचा त्याच्या धाकट्या भावाने केला. सातवीने पाच विरुद्ध एक गोलांनी सामना जिंकला. आठवीचा वर्ग सातवीकडून कधी हरला नव्हता.

प्रथम कोणीच काही बोलले नाही. मग कोणीतरी म्हणाले, "धडगावकर, तुझ्या गोलाला दार लावायचे राहिले काय?" धडगावकर कसनुसे हसला. दुसरा म्हणाला, "दार होते, पण ते सताड उघडे ठेवले होते." यावरही तो हसला. तेवढ्यात शहादेकर रागाने उद्गारला, "दार भावासाठी उघडे ठेवले होते! सामना घरच्या घरी विकला याने."

धडगावकराच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्याने पायांवरचे पॅड सोडले, ते जमिनीवर ठेवले आणि एक शब्दही न बोलता तो वसतिगृहाकडे चालू लागला. त्याचा भाऊ विजयी मुलांच्या घोळक्यातून बाहेर पडून त्याच्यामागे धावला. विजेत्यांचा जयघोषही थांबला.

आजोबा कुंपणाच्या आत आले. त्यांनी कोणालाही रागावून विचारले नाही. ते म्हणाले, "मुलांनो, तुम्ही आपण जिंकलेल्या अंतिम सामन्यांविषयी बोलत होता. हरलेल्या एखाद्या अंतिम सामन्याविषयी ऐकाल?"

मुले त्यांच्याभोवती उभी राहिली.

"1982 साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात होता. आमच्या स्टेशनावर रेडिओभोवती गर्दी जमली होती. त्या दिवशी भारत एक विरुद्ध सात अशा गोलांनी हरला. भारताचे गोलरक्षक होते मीररंजन नेगी. सात गोल झाले याचे दुःख होणे स्वाभाविक होते. परंतु लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. नेगींनी पैसे घेऊन सामना विकला, ते देशद्रोही आहेत, असे बोलले जाऊ लागले. आमच्या फलाटावरही ते बोलले गेले."

"खरेच विकला होता का?" एका लहान मुलाने विचारले.

"या आरोपाला पुरावा असा कधीच पुढे आला नाही. हॉकीत गोलरक्षकाच्या पुढे दहा खेळाडू असतात. चेंडू त्या दहांना ओलांडून आल्यावरच अकराव्याकडे येतो. परंतु दहांची चूक मैदानभर विखुरते आणि अकराव्याची चूक फलकावर आकड्यांनी लिहिली जाते. म्हणून लोकांना दोष देण्यासाठी तोच सापडतो."

शहादेकराने मान खाली घातली. तो बचाव करणाऱ्यांपैकी एक होता.

"मग नेगींचे पुढे काय झाले?" नवापूरकर मुलीने विचारले.

"त्या अपवादाचे ओझे त्यांनी कित्येक वर्षे वाहिले, पण ते खेळाकडे पाठ फिरवून बसले नाहीत. 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. पुण्याजवळच्या खडकीत लहानाचे मोठे झालेले धनराज पिल्ले त्या संघाचे कर्णधार होते आणि गोलरक्षकांना शिकवण्याचे काम नेगींकडे होते. 2002 साली मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी इंग्लंडला हरवून सुवर्णपदक मिळवले, त्या संघाच्या शिक्षकांतही नेगी होते. ज्याला लोकांनी देशद्रोही म्हटले, त्याने देशाला गोलरक्षक घडवून दिले."

काही क्षण सारे स्तब्ध राहिले. मग तळोदेकर म्हणाला, "आजोबा, हे जुन्या काळी झाले. आता लोक शहाणे झाले असतील."

नवापूरकर मुलगी चटकन म्हणाली, "कसले शहाणे! 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरल्या, तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबादला वंदना कटारिया यांच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले आणि जातीवरून अपशब्द काढले. त्याच वंदनांनी त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला!"

"आणि 1928 साली ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या पहिल्या हॉकी संघाचे कर्णधार कोण होते, ठाऊक आहे?" आजोबांनी विचारले. "जयपालसिंह मुंडा. रांचीकडचे आदिवासी. धडगावच्या डोंगरासारख्याच डोंगरांतून आलेले. खेळाने त्यांचा गाव विचारला नाही, जात विचारली नाही. प्रेक्षकाने ती विचारावी काय?"

"पण आजोबा," शहादेकर हळू आवाजात म्हणाला, "मग हरल्यावर काहीच बोलायचे नाही का? थट्टासुद्धा करायची नाही?"

आजोबा हसले. "थट्टेवाचून खेळ अळणी होईल. तुम्ही सकाळी एकमेकांची किती थट्टा केलीत! त्यात कोणी दुखावले का? 'गोलाला दार लावायचे राहिले' असे म्हटले, तेव्हा धडगावकर हसला होता. थट्टा खेळाची असते; निंदा माणसाच्या प्रामाणिकपणाची असते. ज्याची थट्टा करतो, तोही आपल्याबरोबर हसू शकतो, तोवर ती थट्टा. त्याचे हसू मावळले की समजावे, आपण रेषेबाहेर गेलो. या दुसऱ्या सामन्यात शिट्टी वाजवायला पंच नसतो. ती ज्याची त्याने वाजवायची असते.

"प्रतिपक्षाविषयीही तसेच. 1936 साली बर्लिनच्या सामन्यात भारताकडून अली दारा नावाचे एक खेळाडू होते. सरावाचा सामना हरल्यावर त्यांना मुद्दाम भारतातून बोलावून घेतले होते. पुढे देशाची फाळणी झाली आणि 1948 साली तेच दारा पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार झाले. कालचा सोबती आज समोर उभा राहिला, म्हणून काल त्याने दिलेला चेंडू खोटा ठरत नाही. आणि हरणाऱ्यानेही तोल सोडू नये. 1972 साली म्युनिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून एका गोलाने हरल्यावर पाकिस्तानच्या खेळाडूंनी पदकसमारंभात असभ्य वर्तन केले. ते सारे उत्तम खेळाडू होते. परंतु त्या दिवसाची आठवण निघते, ती त्यांच्या खेळासाठी निघत नाही. आपल्याकडून अशी चूक होणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. नेगींना आणि वंदनांच्या घरच्यांना बोल लावणारे आपल्यातलेच होते."

इतक्यात सातवीचा कर्णधार पुढे आला. तो म्हणाला, "आजोबा, मी एक सांगू? पाचपैकी तीन गोल आम्ही केले, तेव्हा आठवीचा एकही खेळाडू मागे नव्हता. धडगावकराने आमचे सात फटके अडवले. मी मोजले आहेत. तो नसता, तर बारा गोल झाले असते."

प्रतिपक्षाच्या कर्णधाराने दिलेली ही साक्ष ऐकून आठवीची मुले एकमेकांकडे पाहू लागली. शहादेकर काही बोलला नाही. त्याने चिखलात पडलेले पॅड उचलले, नळाखाली स्वच्छ धुतले आणि ते घेऊन तो वसतिगृहाकडे गेला. तिथे दोघांत काय बोलणे झाले, ते कोणाला कळले नाही. परंतु संध्याकाळच्या जेवणाला दोघे शेजारी बसले होते आणि मध्ये तो धाकटा भाऊ होता.

पुढच्या रविवारी पुन्हा सराव झाला. शहादेकर या वेळी आपली जागा सोडून पुढे धावला नाही. तरीही धाकट्या भावाने एक गोल केलाच. सर्वांचे लक्ष धडगावकराकडे गेले. कोणालाच काही बोलण्याचा धीर होईना. तेव्हा धडगावकरच गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आज एकच विकला. भाव फार उतरला आहे."

क्षणभर शांतता पसरली आणि मग मैदानभर हशा उसळला. त्या हशात धडगावकराचा आवाज सर्वांत मोठा होता.

सामने येतात आणि जातात. अंतिम सामन्यात एक संघ जिंकणार आणि दुसरा हरणार, हे तर ठरलेलेच असते. परंतु मैदानाबाहेर चालणाऱ्या दुसऱ्या सामन्यात कोणी हरलेच पाहिजे, असा नियम नाही. खिलाडूवृत्ती जोपासणाऱ्यांना तो सामना दोघांनीही जिंकता येतो.

स्वाध्याय

1. मुलांनी कोणकोणते अंतिम सामने सर्वोत्तम ठरवले? प्रत्येकाने दिलेले कारण सांगा.
2. गोलरक्षकालाच दोष का दिला जातो, असे आजोबांनी सांगितले?
3. थट्टा आणि निंदा यांतील फरक आपल्या शब्दांत, स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन लिहा.
4. धडगावकराने शेवटी केलेला विनोद दुसऱ्या कोणी केला असता, तर काय झाले असते?