घरातला माणूस गप्प होतो तेव्हा



आपल्या बैठकीत काय काय होतं ते जरा आठवून पाहा. बचत जमा होते, हप्ते वसूल होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. पण त्याच्या आधी-मागे जो अर्धा तास जातो, तो कोणत्याच वहीत येत नाही. कोणाची सासू आजारी, कोणाच्या पोरीचं लग्न अडलेलं, कोणी नुसतीच येऊन रडते. आपण ऐकतो, पाणी देतो. ती घरी जाते तेव्हा थोडी हलकी झालेली असते.

आता सांगा, आपल्या घरच्या पुरुषाला असं बसायला जागा कुठे आहे? देऊळघाटात चहाच्या टपरीवर माणसं बसतात, बोलतातही. पण विषय काय? सोयाबीनचा भाव, पाऊस, निवडणूक. "रात्री झोप लागत नाही, कर्जाची भीती वाटते," असं तिथे कोण बोलणार? बोलला तर म्हणतील, बायकांसारखा काय रडतो. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य आपणही आपल्या पोरांना सांगत आलो आहोत.

त्याची किंमत मोठी आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात दर दहामागे सात पुरुष होते.

पुरुषाचं दुःख बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून दिसतं, वाढलेल्या दारूतून दिसतं. शेतात जायचं टाळणं, पैशाचा विषय निघाला की ताट सरकवणं, सारखं डोकं जड, अंग दुखतंय म्हणणं. आपण म्हणतो, "स्वभावच तसा झालाय." पण असं दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. उदासीचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहे. काहींना गोळ्या लागतात. पुष्कळांना बोलण्याच्या उपचाराने, म्हणजे समुपदेशनाने, फरक पडतो.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. "दारू सोड, पोरांकडे पाहा" हे तर सासऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळेच सांगतात. समुपदेशक आधी ऐकतो. मग विचारतो, दिवस कसा जातो, कोणत्या वेळी जास्त जड वाटतं, पूर्वी काय करायला आवडायचं. उदास माणूस म्हणतो, "मन लागलं की काम करीन." उपचार उलट्या बाजूने सुरू होतो. या आठवड्यात एकच छोटं काम ठरवायचं. सकाळी धुऱ्यापर्यंत चालून यायचं, किंवा जुन्या मित्राकडे जायचं. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. काम सुरू झालं की मन हळूहळू मागून येतं.

हे ऐकायला फार साधं वाटतं. पण गोव्यात 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे तपासून पाहिलं. समुपदेशक म्हणून मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांना घेतलं. सहा ते आठ भेटी. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: तीन महिन्यांनी, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात ३९ जण उदासीतून बाहेर आले होते, आणि समुपदेशनही मिळालेल्यांपैकी ६४. दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळं समुपदेशन होतं. तिथे फरक कमी पडला, २६ विरुद्ध ३६. जादू नाही, पण ते दहा संसार कोणाचे तरी होते.

आपल्याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम दीड वर्ष चालला. सुरुवातीला उदासीचा त्रास असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. शेवटी ते २७ झाले. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलू लागले, म्हणून लाज मोडली.

मग आपण काय करायचं? डॉक्टर व्हायचं नाही. दार उघडून द्यायचं. समोर बसवून "तुम्हाला काय झालंय?" विचारलं तर पुरुष आणखी मिटतो. शेतातून येताना, बैलांना चारा टाकताना, हाताला काम असताना विचारा: "या दिवसांत तुम्ही जेवत नाही, मला काळजी वाटते." मग थांबा. लगेच उपाय सांगू नका, "दुसऱ्यांचं पाहा" तर मुळीच म्हणू नका.

"मी नसलेलंच बरं" असं बोलणं आलं, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. तसा प्रयत्न घडलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. त्याचं मन दुखतंय म्हणून तुम्ही मार खायचा, असं नाही. हात उचलत असेल तर आधी स्वतःला आणि पोरांना सुरक्षित करा. ११२ किंवा १८१ ला फोन करा. आणि कोणी ताई बैठकीत घरचं बोलली, तर ते नळावर नेऊ नका. एकदा बाहेर गेलं की तिच्या घरचा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, तीही नाही.

सुरुवात आशाताईंपासून करता येते. आपला बुलडाणा जिल्हा शेतकरी समुपदेशनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांत आहे. बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर "डोक्याच्या डॉक्टरकडे चला" म्हणू नका, "झोपेसाठी दाखवून येऊ" म्हणा. ते खोटंही नाही. घरूनच बोलायचं असेल तर 'टेलिमानस'चा नंबर १४४१६. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. पुरुषाला हे जास्त सोयीचं जातं, कारण बांधावर एकटं बसून बोलता येतं, कोणी बघत नाही.

हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि घरी कॅलेंडरवर, तो रोज तारीख बघतो तिथे.