शाळेच्या मैदानावर धावपट्टी : आखणी, साहित्य आणि धावण्याचं मूलभूत तंत्र



दिवाळीची सुट्टी संपली की केंद्रस्तरीय आणि तालुकास्तरीय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक येतं आणि आपली धावपळ सुरू होते. कबड्डी, खो-खोचा सराव आपण वर्षभर घेतो. धावण्याचं मात्र "पोरं तर पळतातच की, त्यात काय शिकवायचं?" असं म्हणून सोडून देतो. मीही तसंच करत होतो. त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीला मोजावी लागली, म्हणून आजचा हा पाठ.

सहावीतली मुलगी. अंगात वारं भरल्यासारखी पळायची. तालुक्याला २०० मीटरसाठी तिला चौथी लेन मिळाली. शिट्टी वाजली, ती पळाली आणि पहिल्याच वळणावर सरळ आत घुसली, पार पहिल्या लेनमध्ये. सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली. पंचांनी तिला बाद केलं. ती माझ्याकडे पळत आली आणि म्हणाली, "सर, मीच पयली आले ना?"

पंचांचा निर्णय बरोबर होता. चूक तिचीही नव्हती. आमच्या शाळेत 'राउंड मारा' म्हटलं की पोरं कडुलिंबाला वळसा घालून येतात. जो आतून वळतो तो हुशार! लेन म्हणजे काय हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते दाखवायचं काम माझं होतं.

चला तर मग, सुरुवात मैदानापासूनच करू.

१) प्रमाणित धावपट्टी कशी असते?

• एका फेरीचं अंतर ४०० मीटर, साधारणपणे ८ लेन.
• प्रत्येक लेनची रुंदी १.२२ मीटर. रेघ ५ सेंमी जाड. उजव्या बाजूची रेघ लेनच्या रुंदीत धरतात.
• दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर आणि दोन अर्धवर्तुळाकार वळणं, त्यांची त्रिज्या ३६.५० मीटर.
• धावण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे मैदानाची आतली बाजू नेहमी डाव्या हाताला.

पुण्याला गेलात तर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मुलांना ही सिंथेटिक धावपट्टी जरूर दाखवा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. एकदा बघितली की आकृती लगेच डोक्यात बसते.

२) आपल्या मैदानावर २०० मीटरची धावपट्टी

४ लेनसाठी साधारण ९० मीटर × ५० मीटर जागा लागते.

साहित्य : ३० किंवा ५० मीटरची टेप, न ताणली जाणारी दोरी किंवा तार, खुंट्या, हातोडा, फक्की. सुतळी ताणली की लांब होते आणि माप चुकतं, म्हणून शक्यतो टेपनेच वळण काढा. फक्कीऐवजी कळीचा चुना अजिबात वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. टेप नसेल तर केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी मिळून एक घ्यावी.

कृती :
१. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक रेषा घ्या. तिच्यावर एकमेकांपासून ४० मीटरवर दोन खुंट्या ठोका. त्यांना अ आणि ब म्हणू.
२. अ आणि ब पाशी या रेषेला काटकोनात दोन्ही बाजूंनी रेषा टाका. काटकोन तपासायला गवंड्याची युक्ती वापरा : ३ मीटर, ४ मीटर आणि तिरकं बरोबर ५ मीटर.
३. अ वर टेप धरून १८.९० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ बाहेरच्या बाजूला काढा. तसंच ब वरून. फक्कीची रेघ टेपच्या टोकाच्या आतल्या बाजूला येऊ द्या.
४. दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं ४० मीटरच्या सरळ रेषांनी जोडा. ही झाली सर्वांत आतली रेघ.
५. पुढच्या रेघांसाठी त्रिज्या १.२२ ने वाढवत जा : २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८ मीटर.

आता कोणी विचारेल, १८.९० च का? धावणारा मुलगा रेघेवरून धावत नाही, रेघेच्या थोडा बाहेरून धावतो. म्हणून अंतर रेघेपासून २० सेंमी बाहेर मोजतात. (पहिल्या लेनला उंच कठडा असेल तर ३० सेंमी.) म्हणजे धावण्याची खरी त्रिज्या १९.१० मीटर. दोन्ही वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ, त्याचा परीघ साधारण १२० मीटर. त्यात दोन सरळ बाजूंचे ८० मीटर मिळवा. झाले २००!

३) स्टॅगर : पुढची मुलगी खरंच पुढे असते का?

हा या पाठाचा गाभा. बाहेरच्या लेनची फेरी आतल्या लेनपेक्षा मोठी असते. सर्वांना एकाच रेषेवर उभं केलं तर बाहेरच्या मुलावर अन्याय होईल. म्हणून बाहेरच्या लेनची आरंभरेषा पुढे नेतात. यालाच स्टॅगर म्हणतात.

किती पुढे? हिशोब सोपा आहे. प्रत्येक लेनला त्रिज्या १.२२ मीटरने वाढते. परीघ = २ × २२/७ × त्रिज्या. म्हणून पूर्ण फेरीतला फरक :

२ × २२/७ × १.२२ = ७.६७ मीटर (अंदाजे)

आपल्या २०० मीटरच्या धावपट्टीवर २०० मीटर शर्यतीसाठी :
• लेन १ : अंतिम रेषेवरूनच
• लेन २ : ७.६७ मीटर पुढे
• लेन ३ : १५.३३ मीटर पुढे
• लेन ४ : २३ मीटर पुढे

अंतिम रेषा सरळ बाजूच्या शेवटी, वळण सुरू होतं तिथे ठेवा. स्टॅगर मोजताना टेप सरळ ताणू नका. त्या त्या लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंमी बाहेर, वळणाबरोबर वळवत मोजा.

एक गंमत पाहा. या हिशोबात मैदानाची त्रिज्या कुठेच आली नाही! मैदान मोठं असो की छोटं, लेनची रुंदी १.२२ असेल तर एका फेरीला ७.६७ आणि एका वळणाला ३.८३ मीटर हाच फरक पडतो. म्हणूनच ४०० मीटरच्या शर्यतीत आठव्या लेनचा धावपटू पहिल्याच्या तब्बल ५३.०३ मीटर पुढे उभा असतो, तरी दोघं सारखंच धावतात. (तिथे पहिल्या लेनला कठडा असल्यामुळे दुसऱ्या लेनला ७.०४ आणि पुढे प्रत्येकी ७.६७ मीटर.)

"आमचं मैदान एवढं मोठं नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी हीच सोय आहे. ३० मीटरची एक सरळ बाजू आणि एकच वळण आखा, कितीही लहान चालेल. ३.८३ मीटरचा स्टॅगर द्या. मुलांना लेनमध्ये वळायची सवय तेवढ्यावरही लागते. शिवाय वरच्या वर्गांचा परीघाचा पाठ मैदानावर होतो, हा फायदा वेगळा.

४) इतर साहित्य

• स्टॉपवॉच : मोबाईलमधलं चालेल.
• क्लॅपर : दोन लाकडी फळ्यांना बिजागरी लावून सुताराकडून करून घ्या. शिट्टीपेक्षा आवाज स्पष्ट येतो आणि फळ्या मिटताना लांबूनही दिसतात.
• बॅटन : लांबी २८ ते ३० सेंमी, वजन किमान ५० ग्रॅम. पीव्हीसी पाईपचा तुकडा कापून कडा घासून घ्या.
• बूट : मापाचे असतील तरच. दुसऱ्याचे मोठे बूट घालून पळण्यापेक्षा खडे वेचलेल्या मैदानावर अनवाणी पळणं बरं.

५) धावण्याचं तंत्र

सुरुवात : मोठ्या स्पर्धांत ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना बसून सुरुवात करतात.
• 'ऑन युअर मार्क्स' : हात रेषेच्या मागे, खांद्याइतक्या अंतरावर. अंगठा एका बाजूला, बाकी बोटं दुसऱ्या बाजूला. पुढचा पाय रेषेपासून दीड-दोन पावलं (टाच-चवडा जोडून मोजलेली) मागे. मागच्या पायाचा गुडघा जमिनीला टेकलेला.
• 'सेट' : कंबर खांद्यापेक्षा किंचित वर. मान सैल. आता हालचाल नाही.
• आवाज झाला की मागचा पाय पुढे. लगेच ताठ उभं राहायचं नाही. पहिली आठ-दहा पावलं हळूहळू वर उठत जायचं.

लहान वर्गांना उभ्याने सुरुवात पुरे. त्यात पुढच्या पायाच्या विरुद्ध हात पुढे हवा, एवढं पाहा.

धावताना :
• नजर समोर. मागे किंवा बाजूला पाहिलं की वेग गेलाच.
• हात कोपरात साधारण ९० अंशांत. पुढे हनुवटीपर्यंत, मागे कमरेपर्यंत. छातीसमोर आडवे फिरवायचे नाहीत.
• मुठी सैल. हातात पापड धरलाय आणि तो मोडायचा नाही असं सांगा, पोरांना लगेच कळतं.
• गुडघा वर, पाऊल चवड्यावर. टाच आपटून पळणाऱ्याचा आवाज येतो, डोळे मिटून ऐका!

वळणावर : शरीर किंचित डावीकडे झुकवा, उजवा हात थोडा जास्त हलवा आणि आपल्या लेनच्या आतल्या रेघेजवळून पळा. पण रेघेच्या आत पाय नाही.

शेवट : अंतिम रेषेवर डोकं किंवा हात नाही, धड कधी पोहोचलं ते पाहतात. पी. टी. उषांचं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधलं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. म्हणून मुलांना सांगा, रेषा आली म्हणून थांबायचं नाही, रेषेच्या पुढे पाच मीटर पळायचं.

६) आठवड्याचं नियोजन (रोज २० मिनिटं)

सोमवार : हात-गुडघ्यांचे व्यायाम, ३० मीटर × ४
मंगळवार : सुरुवातीचा सराव, १५ मीटर × ६
बुधवार : लेनमधून वळण, प्रत्येक मुलाला सर्व लेन
गुरुवार : बॅटन देणे-घेणे, आधी चालत, मग पळत
शुक्रवार : पूर्ण शर्यत, पंच आणि वेळ घेणारे मुलंच
शनिवार : खेळ, विश्रांती

आधी पाच मिनिटं हलकं पळणं आणि सांधे मोकळे करणं विसरू नका. सकाळी उपाशीपोटी आलेलं मूल असेल तर त्याला पळवू नका, आधी विचारा.

शेवटी थोडंसं

साताऱ्यातल्या मोहीच्या ललिता बाबर, बीडमधल्या मांडव्याचा अविनाश साबळे, नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत. आपल्या खेड्यांनी दिलेली ही मोठी नावं लांब पल्ल्याची आहेत. मला वाटतं, लांब पळायला रस्ता आणि बांध चालतो. कमी अंतराच्या शर्यतीला मात्र आखलेली पट्टी लागते, आणि ती आपल्या शाळांत नसते.

त्या स्पर्धेनंतर आम्ही पोरांना घेऊन धावपट्टी आखली. टेपचं एक टोक त्याच मुलीने धरलं होतं. चौथ्या लेनची आरंभरेषा मारून झाल्यावर ती तिच्यावर उभी राहिली, मागे पहिल्या लेनकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे सर, मी पुढं नव्हतेच." पुढच्या वर्षी सातवीत तिचा तिसरा नंबर आला. पूर्ण शर्यत ती आपल्या लेनमध्ये पळाली. मला तो तिसरा नंबर फार मोठा वाटतो.

येत्या शनिवारी टेप आणि फक्की घेऊन मैदानावर उतरा. एकच वळण आखा, पण आखा. आपलं मूल शर्यत हरलं तर हरू दे, पण ते पायांमुळे हरावं. आपण शिकवलं नाही म्हणून हरू नये.