नको असलेले टपाल आणि दारावरची चौकी

लिफाफ्यावर पाठविणाऱ्याचे नाव असते. परंतु ते खरेच असेल, अशी खात्री कोण देणार? वाटेल त्याने वाटेल त्याचे नाव लिहावे! टपाल कचेरीचा शिक्का मात्र लिहिणाऱ्याच्या हाती नसतो. निपाणीच्या पेटीत पडलेल्या पत्रावर कागलचा शिक्का बसत नाही. ई-मेलचेही असेच आहे. हल्ली शिष्यवृत्तीचे अर्ज, देणगीच्या पावत्या, सभेच्या सूचना ई-मेलने येतात-जातात. म्हणून हा विषय आपण सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नको असलेल्या ई-मेलला ‘स्पॅम’ म्हणतात. असे पहिले जाहिरातपत्र ३ मे १९७८ रोजी गॅरी थुअर्क नामक विक्रेत्याने अमेरिकेच्या ‘अर्पानेट’ जाळ्यावरील सुमारे चारशे जणांस धाडले. आज हा पसारा अफाट वाढला आहे.

पत्र घेणाऱ्या यंत्रास ‘मेल सर्व्हर’ म्हणतात. दुसरे यंत्र पत्र घेऊन आले, की त्याचा आयपी पत्ता याला कळतो. हा पत्ता म्हणजे ० ते २५५ मधील चार आकडे, उदाहरणार्थ, २०३.०.११३.७. दोन्ही यंत्रांत प्रश्नोत्तरे होतात व उत्तर याच पत्त्यावर जाते. पत्ता खोटा दिला, तर उत्तर भलतीकडे जाऊन बोलणेच खुंटते. म्हणून नाव खोटे चालते, पत्ता सहसा चालत नाही.

१९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची यादी सर्वांसाठी खुली केली. १९९८ मध्ये ‘स्पॅमहाउस’ ही संस्था निघाली. चौकशीची रीत सोपी आहे. सर्व्हर आलेला पत्ता उलटा करतो, ७.११३.०.२०३ असा, व त्यापुढे यादीचे नाव जोडून विचारणा करतो. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले, तर पत्ता यादीत आहे; ‘असे नावच नाही’ असे आले, तर नाही. पत्राचा मजकूर घेण्यापूर्वीच हा निवाडा होतो, त्यामुळे श्रम व जागा दोन्ही वाचतात.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. एका सर्व्हरवरून शेकडो लोक पत्रे पाठवितात. त्यांतील एकाने खोडी केली, की सुक्याबरोबर ओलेही जळते. कित्येकदा घरच्या संगणकात विषाणू शिरतो आणि मालकाच्या नकळत तो स्पॅम पाठवू लागतो. शेजारचे २५६ पत्ते सरसकट अडविणे म्हणजे एका चोरापायी सारी गल्ली कोंडणे होय.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, पत्र गुपचूप फेकू नये; कारण सांगून नाकारावे, म्हणजे प्रामाणिक माणसास आपले पत्र पोहोचले नाही हे कळते. दुसरी, ओळखीच्या शाळा व संस्थांचे पत्ते वेगळ्या यादीत नोंदवून त्यांना वाट मोकळी ठेवावी. तिसरी, स्वतः अडविलेले पत्ते वरचेवर तपासावेत; कारण पत्त्यांचे मालक बदलतात.

शंभर जाहिराती आत आल्या, तर पुसून टाकता येतात. पण एखाद्या गरजू मुलीचा अर्ज दारावरूनच परतला व तिला ते कळलेही नाही, तर तिचे वर्ष वाया जाते. दारावर चौकी अवश्य असावी. पण चौकीदाराने माणूस पारखून घ्यावा.