सभेत बोलण्याची भीती

मंडळीपुढे उभे राहून चार शब्द बोलावयाचे म्हटले की कित्येकांच्या घशास कोरड पडते, तळहातांस घाम येतो व पाय लटपटू लागतात. चावडीवर मोकळेपणाने बोलणारा मनुष्य सभेत मुका होतो. मोशेनेही आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली होती, हे वाचकांस ठाऊकच आहे. हा बुद्धीचा दोष नव्हे. भय वाटले म्हणजे शरीर पळावयास किंवा झुंजावयास सिद्ध होते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. समोर वाघ आहे की शंभर डोळे आहेत, एवढा विचार करावयास ते थांबत नाही.

या बाबतीत गांधीजींचा अनुभव पाहण्याजोगा आहे. १८८८ ते १८९१ या काळात ते विलायतेत शिकत होते. तेथील शाकाहारी मंडळाच्या समितीत ते बहुधा गप्प बसत. व्हेंटनर येथील एका सभेसाठी त्यांनी भाषण लिहून नेले. ते जेमतेम एक पान होते. तरी उभे राहताच दृष्टी अंधुक झाली, अंग कापू लागले, आणि ते कागद सोबत्यास वाचावा लागला. पुढे मुंबईस लहान दाव्यांच्या न्यायालयात साक्षीदारास प्रश्न विचारावयास ते उठले, तो डोके गरगरले व एकही प्रश्न सुचेना. घेतलेली तीस रुपये फी त्यांनी परत देऊ केली.

मग १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया येथे, हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत ते बोलले. आपल्या आयुष्यातील ते पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी लिहिले आहे. विषय होता व्यापारातील सचोटी, आणि त्याची त्यांनी तयारी केली होती. आमच्या मते येथे मुख्य पालट हा, की त्यांचे लक्ष स्वतःवरून निघून समोरच्या लोकांच्या अडचणींवर गेले होते. संकोच पुरता गेला नाही, हेही ते प्रांजळपणे सांगतात. मात्र त्यामुळे शब्द मोजून वापरावयाची सवय लागली, असे त्यांचे म्हणणे आहे.

आम्ही स्वतः पहिल्या खेपेस सर्व भाषण तोंडपाठ केले होते. एक शब्द निसटला आणि पुढचे सारेच गेले! तेव्हापासून आम्ही पहिले वाक्य तेवढे पाठ करतो व बाकीचे तीन-चार मुद्दे जाड पुठ्ठ्यावर लिहून घेतो. पातळ कागद हातात फडफडतो व आपणांसच घाबरवितो. भाषण मनात घोळवून भागत नाही, घरच्या माणसांपुढे ते मोठ्याने बोलून पाहावे. लोक जमण्यापूर्वी जाऊन बोलण्याच्या जागी थोडे उभे राहावे. पाळी येण्याआधी श्वास सावकाश, लांबवून सोडावा. छातीची धडधड त्याने काहीशी उतरते. आरंभीच क्षमा मागत बसू नये. आपल्या छातीचे ठोके आपणांसच ऐकू येतात. मागच्या ओळीत बसलेल्या म्हातारीस ते ऐकू येत नाहीत, तिला फक्त आपले शब्द ऐकावयाचे असतात.