दातातील ‘चांदी’ : आरोग्य, पर्यावरण आणि धोरण

किडलेल्या दाढेत ‘चांदी भरून घेणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी रूढ आहे. प्रत्यक्षात या चांदीचा सुमारे निम्मा भाग पारा असतो. एखाद्या सर्वसाधारण कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजीच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे, सून गर्भवती आहे आणि सात वर्षांच्या नातवाच्या दुधाच्या दाढेला कीड लागली आहे. पारा विषारी असतो हे समजल्यावर या घरापुढे तीन प्रश्न उभे राहतात. जुनी चांदी काढून टाकावी काय? गर्भवतीने ती भरून घ्यावी काय? आणि मुलासाठी कोणता पर्याय निवडावा? या घरगुती प्रश्नांची उत्तरे शोधताना विज्ञान, आंतरराष्ट्रीय करार आणि अर्थशास्त्र या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो.

मिश्रधातूचे स्वरूप

चांदी, कथील व तांबे यांची पूड द्रवरूप पाऱ्यात मिसळली की काही मिनिटांत घट्ट होणारा मिश्रधातू तयार होतो. त्याला दंत अमाल्गम म्हणतात. तो स्वस्त, टिकाऊ आणि भरण्यास सोपा असल्याने दीडशेहून अधिक वर्षे वापरात राहिला. चावताना वा दात घासताना त्यातून पाऱ्याची अत्यल्प वाफ बाहेर पडते. श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या अशा वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात शोषली जाते. गिळला गेलेला धातुरूप पारा मात्र आतड्यातून फारसा शोषला जात नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला भीषण आजार माशांमधून शरीरात गेलेल्या मिथिल पाऱ्यामुळे झाला होता. दातातील पारा हा त्याहून वेगळ्या रूपातील असतो. दोहोंची गल्लत केल्यास अनाठायी भीती पसरते.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील न्यू इंग्लंड आणि पोर्तुगालमधील लिस्बन येथे शेकडो मुलांवर अनेक वर्षे केलेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमाल्गम भरलेल्या मुलांच्या लघवीत पाऱ्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. तथापि बुद्धिमत्ता वा स्मरणशक्तीत लक्षणीय फरक दिसला नाही. असे असले तरी, २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, तसेच मज्जासंस्थेचे वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तींसाठी शक्यतो अमाल्गम टाळावे, असा सल्ला दिला. सुस्थितीतील जुनी चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये, हेही याच सल्ल्यात होते. कारण ती काढताना अधिक वाफ सुटते आणि दाताचा निरोगी भागही खर्ची पडतो.

मिनामाता करार

पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये संमत झाला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात आला. भारताने त्यावर २०१४ मध्ये स्वाक्षरी केली आणि जून २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. मूळ करारात अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे उपाय होते. २०२२ च्या दुरुस्तीने दंतवैद्यांना सुटा पारा वापरण्यास प्रतिबंध केला. दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा माता यांच्या बाबतीत वापर वगळावा किंवा त्याची शिफारस करू नये, असेही ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या परिषदेत २०३४ पर्यंत हा वापर संपुष्टात आणण्याचा निर्णय झाला. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद वगळता, तो थांबवला आहे.

अर्थशास्त्रीय बाजू

दंतवैद्याला मोजलेली रक्कम हा अमाल्गमचा केवळ खासगी खर्च होय. दवाखान्याच्या सांडपाण्यातून व कचऱ्यातून जाणारा पारा, तसेच दहनानंतर हवेत मिसळणारी वाफ यांचा भार समाजावर पडतो. हा भार किमतीत उतरत नाही. अर्थशास्त्रात यालाच ‘नकारात्मक बाह्यता’ म्हणतात. अशा प्रसंगी सावधगिरीचे तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लागू पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम खटल्यात ही दोन्ही तत्त्वे भारतीय कायद्याचा भाग मानली आहेत.

परंतु केवळ बंदी पुरेशी नाही. भारतात दंतोपचाराचा खर्च बहुतांशी रुग्णाच्या खिशातून होतो. पर्याय महाग राहिला तर गरीब रुग्ण दात भरण्याऐवजी काढून टाकण्याचा मार्ग पत्करेल. म्हणून स्वस्त पर्यायाला महत्त्व आहे. ग्लास आयोनोमर सिमेंट हे फ्लोराइड सोडणारे द्रव्य विजेवर चालणाऱ्या यंत्राविना, हाताच्या साधनांनी कीड काढूनही भरता येते. मोठ्या दाढेत ते अमाल्गमइतके टिकत नाही. दुधाच्या दातांसाठी मात्र ते सोयीचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

समारोप

तेव्हा त्या कुटुंबाला मिळणारी उत्तरे स्पष्ट आहेत. आजीची सुस्थितीतील चांदी तशीच राहू द्यावी, सुनेने अमाल्गम टाळावे आणि नातवासाठी पारारहित द्रव्य निवडावे. सर्वांत किफायतशीर उपाय मात्र कीड लागण्यापूर्वीचा आहे : गोड पदार्थांवर मर्यादा आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाचे यशही अखेर शाळा आणि घर या दोन ठिकाणी रुजणाऱ्या सवयींवर अवलंबून राहील.

सरावासाठी प्रश्न
१. दंत अमाल्गमच्या संदर्भात खासगी खर्च व सामाजिक खर्च यांतील फरक स्पष्ट करा.
२. स्वस्त पर्याय उपलब्ध नसताना घातलेली बंदी गरीब रुग्णांच्या हिताला बाधक ठरू शकते काय? चर्चा करा.