रोजचे एक वचन पुरते का?

प्रश्न : सकाळी कामाला निघण्याआधी आमच्या घरी पवित्र शास्त्रातले एकच वचन वाचले जाते. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, फ्रीमाँट)

उत्तर : ही प्रथा जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीत १७२८ पासून दिवसाचे वचन घरोघर सांगितले जाई. एक वचन पुरते. मात्र ते संदर्भातून तुटले की फसगत होते.

यिर्मया २९:११ घ्यावे. भेटकार्डांवरचे हे लाडके वचन बाबेलात नेलेल्या बंदिवानांना धाडलेल्या पत्रातले आहे. त्याच पत्रात पाचव्या वचनात घरे बांधायला आणि बागा लावायला सांगितले आहे, सातव्यात त्या परक्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला. दहाव्यात तर सुटकेची मुदत येते : सत्तर वर्षे! कार्डावर ती कोणी छापत नाही. आपखुशीचे स्थलांतर म्हणजे बंदिवास नव्हे, तरी परमुलखात बिऱ्हाड थाटलेल्यांना सातवे वचन अधिक उपयोगी पडावे.

चिंतेविषयीचे फिलिप्पै ४:६-७ पौलाने कैदेतून लिहिले, हेही ठाऊक असावे.

म्हणून निवडलेल्या वचनाच्या मागची-पुढची पाच-सहा वचने वाचावीत. घाईच्या दिवशी आठ वचनांचे स्तोत्र १२१ अखंड वाचून होते. स्तोत्र ११७ तर दोनच वचनांचे आहे.